जांघेतला हर्निया: ओपन की दुर्बिणीतून?

तासगावच्या मामांना जांघेत हर्निया आहे, म्हणजे पोटाच्या भिंतीतल्या कमकुवत जागेतून आतला भाग बाहेर फुगतो. द्राक्षांची ऑक्टोबर छाटणी तोंडावर, आणि मिरजेत दोन डॉक्टरांचे दोन सल्ले: एक म्हणतो ओपन करू, म्हणजे जांघेत चिरा देऊन; दुसरा म्हणतो दुर्बिणीतून, म्हणजे छोट्या छिद्रांतून. कमकुवत जागेला आधार देणारी जाळी दोन्हीतही बसवतातच, त्यामुळे 'आमची जाळी भारी' या जाहिराती सोडून द्या.

खर्च ओपनचा कमी. दुर्बिणीला सामान महाग, शिवाय सहसा पूर्ण भूल लागते. ओपन तेवढी जागा बधिर करूनही होतं. हृदयाचा त्रास असलेल्या वयस्कर माणसाला हा फरक मोठा. दुखणं मात्र दुर्बिणीत कमी, माणूस कामालाही लवकर लागतो.

खरी मेख हर्निया परत येण्याची. अमेरिकेत माजी सैनिकांच्या १४ रुग्णालयांत झालेला मोठा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. पहिल्यांदाच झालेला हर्निया दोन वर्षांत परत येण्याचं प्रमाण ओपननंतर ४ टक्के होतं, दुर्बिणीनंतर १०.१. पण दुर्बिणीची २५० हून जास्त ऑपरेशनं केलेल्या सर्जनांकडे ते जवळपास निम्म्यावर आलं. म्हणून 'डॉक्टर, अशी किती केलीत?' हे बिनधास्त विचारावं. चांगला डॉक्टर रागवत नाही.

पहिलाच, एका बाजूचा हर्निया, वय जास्त, पैसा बेताचा: ओपन. दोन्ही जांघांत असेल किंवा ओपननंतर परत आला असेल आणि हात बसलेला सर्जन मिळत असेल, तर दुर्बीण. मामांना मी ओपनच सांगितलंय. मामी अजून दुर्बिणीवर अडून आहेत.