घरगुती हिंसाचाराच्या कामासाठी परदेशी स्वयंसेवा: पैसे भरण्याआधी काय तपासावं

पैसे भरायचे, राहण्या-जेवणाची सोय संस्थेची, आणि दोन ते चार आठवडे परदेशातल्या गरीब वस्तीत घरात मार खाणाऱ्या बायकांसाठी काम करायचं. अशी सेवा देणाऱ्या बऱ्याच संस्था आहेत. त्यांची पारख करायला एक कसोटी पुरते: संस्था तुम्हाला काय करू देत नाही, ते बघा. माहितीपत्रकात 'पहिल्या दिवसापासून पीडित महिलांशी थेट संवाद' असं लिहिलं असेल, तर तिथे जाऊ नका.

घर सोडताना आणि सोडल्यानंतर बाईचा धोका वाढतो. आधी कधी गळा आवळला गेला असेल, तर जिवाचीच भीती असते. हे ऐकून पुढचं पाऊल ठरवायला मुरलेली कार्यकर्ती लागते. भाषा न येणाऱ्या पाहुण्याला दुभाषी लागते, आणि ती त्याच गल्लीतली निघाली तर दुपारी सांगितलेलं संध्याकाळपर्यंत नवऱ्याच्या कानावर जाऊ शकतं. पंधरा दिवसांनी पाहुणा परततो आणि बाईला सगळं नव्या माणसापुढे पहिल्यापासून उगाळावं लागतं. निवारागृहातल्या मुलांना लळा लागलेला असतो, त्यांचे हाल वेगळेच.

फोटोंचा नियम विचाराच. चेहरा झाकला म्हणजे भागलं, असं सांगणारी संस्था कच्ची आहे. खिडकीतून दिसणारी पाण्याची टाकी, मागच्या भिंतीवरचा फलक, फोटोच्या फाईलमध्ये आपोआप नोंदलं गेलेलं ठिकाण, यातलं एकही निवारागृहाचा पत्ता उघडा करायला पुरेसं आहे. चांगल्या ठिकाणी फोन दाराशीच जमा करून घेतात.

चांगली संस्था पोलीस पडताळणीचा दाखला मागते, ओळख देणाऱ्या दोघांना स्वतः फोन करते, मुलाखत घेते, किमान तीन महिने मागते. काम मागच्या खोलीतलं असतं: हिशेब, निधीचे अर्ज, नोंदींची कुलूपबंद व्यवस्था, कर्मचाऱ्यांना संगणक शिकवणं. कंटाळवाणं वाटेल, पण याच कामांत कार्यकर्तीचे तास जातात. ते वाचले की ती बायकांपाशी बसू शकते.

तरीही एखादी बाई आपणहून तुमच्याशी बोलू लागेल. त्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची पाच पायऱ्यांची पद्धत शिकवतात का, ते विचारा: ऐकणं, गरज विचारणं, तिच्यावर विश्वास असल्याचं सांगणं, सुरक्षितता वाढवणं, मदतीशी जोडून देणं. तुमचं काम मुख्यतः पहिलं आणि शेवटचं. 'इतके दिवस का राहिलीस?' विचारू नका, 'सोडून दे' सांगू नका, नवऱ्याला जाब विचारायला तर मुळीच जाऊ नका. 'यात तुझा दोष नाही, ताईंना बोलावू का?' एवढं तिच्या भाषेत पाठ असू द्या. ती हो म्हणाली तर लगेच नेमलेल्या कार्यकर्तीकडे सोपवा. स्वतःच्या फोनमध्ये एक ओळही लिहू नका.

याच संघटनेच्या २०२१ मधल्या अंदाजानुसार जगात साधारण तीनपैकी एका स्त्रीने आयुष्यात कधीतरी जोडीदाराकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा, नाहीतर इतर कुणाकडून लैंगिक हिंसा सोसलेली असते. म्हणजे स्वयंसेविकांमध्येही अशा काही असणारच. त्यांच्यासाठी समुपदेशनाची सोय नसेल, तर ती मोठी उणीव समजा.

'पर्यटक व्हिसावर या, विचारलं तर फिरायला आलोय म्हणा' असं सुचवलं तर व्यवहार तिथेच थांबवा. अनेक देशांत बिनपगारी कामालाही तो व्हिसा चालत नाही, आणि पकडले गेलात तर तुम्ही जिथे काम करता ती स्थानिक संस्थाही गोत्यात येते. तुमच्या शुल्कातली किती रक्कम त्या स्थानिक संस्थेला मिळते, तेही लेखी घ्या. टाळाटाळ झाली तर पैसे भरू नका.

दोनच आठवडे हाताशी असतील, तर प्रवासाचा खर्च थेट वस्तीतल्या संस्थेला पाठवा. कार्यकर्तीच्या पगारासाठी चालेल का, हे मात्र आधी त्या संस्थेलाच विचारा.