घरबसल्या 'गट हेल्थ' चाचणी: पावसाळ्यापासून होळीपर्यंतचा वापर

आधी निकाल सांगते, कारण बऱ्याच जणांना तेवढाच हवा असतो. पोटाच्या तक्रारीचं कारण शोधायला म्हणून हा किट (घरून मलाचा नमुना पाठवून आतड्यातले, म्हणजे 'गट'मधले, जिवाणू तपासून घ्यायची पेटी) घेणार असाल, तर घेऊ नका. आपल्या आतड्यात कोणकोण मुक्कामाला आहे याचं नुसतं कुतूहल असेल आणि त्यापायी चौदा-पंधरा हजार रुपये घालवायची तयारी असेल, तर खुशाल घ्या, वाचायला मजा येते. माझ्याकडून पाचपैकी दोन तारे. एक नमुन्याच्या नळीला, एक फोनवरच्या आहारतज्ज्ञ बाईंना. कंपनीचं नाव लिहीत नाही. असे किट सध्या बरेच मिळतात, आणि माझ्या मुख्य तक्रारी एका कंपनीच्या नाहीत, या चाचणीच्या जातकुळीच्याच आहेत.

माझी केस अशी. चाळिशी ओलांडलेली, नाशिकला राहते, दिवसभर खुर्चीवरचं काम. दुपारी जेवलं की पोट नगाऱ्यासारखं फुगायचं, संध्याकाळी नाडी सैल केल्याशिवाय बसवत नसे. दोन-तीन दिवस पोट साफ व्हायचं नाही आणि मग एखाद्या सकाळी नुसती पळापळ. वजन मात्र उतरलेलं नव्हतं, शौचातून रक्त नव्हतं, रात्री झोपेतून उठून जावं लागत नव्हतं. यातलं काहीही असेल, किंवा रक्त कमी झालेलं असेल, घरात कुणाला आतड्याचा कर्करोग झालेला असेल, तर पुढचं वाचत बसू नका, सरळ पोटाच्या डॉक्टरांकडे जा. किट त्यासाठी नाहीच.

नमुना घेण्याबद्दल माहितीपत्रकात जे लिहिलेलं नाही ते आधी सांगते. पेटीत कमोडच्या सीटवर चिकटवायची कागदी झोळी, हातमोजे, झाकणालाच चमचा जोडलेली नळी आणि परतीचं पाकीट असतं. नळीत पारदर्शक द्रव असतो, तो सांडायचा नाही. तोच जिवाणूंचा डीएनए टिकवून धरतो, म्हणून नमुना फ्रिजशिवाय कुरिअरनं जाऊ शकतो. वाटाण्याएवढा नमुना पुरतो. "जास्त दिला तर बरं" असं वाटून नळी भरू नका, द्रव कमी पडतो. झोळी मात्र पाश्चात्त्य कमोडचाच विचार करून बनवलेली आहे. माझ्या नणंदेकडे भारतीय पद्धतीचा संडास, तिनं आइस्क्रीमचा रुंद डबा धुऊन, खडखडीत वाळवून वापरला. नमुन्यात पाणी किंवा लघवी मिसळता कामा नये, म्हणून लघवी आधी वेगळी उरकून घ्यायची आणि नळ त्यानंतरच सोडायचा. अँटिबायोटिकचा कोर्स नुकताच झाला असेल तर थांबा, तेव्हाचं चित्र औषधानं बदललेलं असतं.

पार्सल कशाचं, असं सासूबाईंनी विचारलं तेव्हा "पाण्याचा नमुना तपासायला पाठवतेय" म्हणून वेळ मारून नेली. पाण्याचा रिपोर्ट आला का, हे त्या अजून अधूनमधून विचारतात.

रिपोर्ट तीनेक आठवड्यांनी अ‍ॅपवर आला. भरपूर पानांची रंगीत पीडीएफ, सगळी इंग्रजीत. पहिल्याच पानावर मोठ्ठा आकडा: शंभरपैकी ६१. दहावीच्या निकालासारखा तो नवऱ्याला दाखवला. त्यानं विचारलं, "पासिंग किती?" ते कुठेच दिलेलं नव्हतं.

ही चाचणी नेमकं काय करते हे मी नंतर समजून घेतलं. इथे प्रयोगशाळेत जिवाणू वाढवून बघत नाहीत. सगळ्या जिवाणूंमध्ये असलेल्या १६एस आरआरएनए जनुकाचा एक तुकडा वाचतात आणि त्यातल्या फरकांवरून कोण कोण आहे ते ओळखतात. कूळ आणि प्रजाती (जीनस) बऱ्यापैकी कळते, नेमकी जात (स्पीशीज) कोणती हे पुष्कळदा कळत नाही. नमुन्यातला सगळा डीएनए वाचणारी शॉटगन पद्धत जास्त बारकाईनं सांगते, पण ती महाग. माझा किट पहिल्या पद्धतीचा होता, तरी रिपोर्टमध्ये जातीपर्यंतची नावं छातीठोकपणे छापलेली होती.

शिवाय सगळे आकडे टक्क्यांत. बेरीज शंभर. एक जिवाणू वाढला की बाकीचे न घटताही घटल्यासारखे दिसतात. मुळात एकूण किती आहेत, हे हा रिपोर्ट सांगतच नाही. त्यात नमुना कोणत्या दिवशीचा यावरही बरंच अवलंबून. बेल्जियममधल्या एका संशोधक गटाच्या अभ्यासात मलाचा घट्टपणा आणि जिवाणूंची विविधता यांचा चांगलाच संबंध दिसला होता. म्हणजे माझ्यासारखीनं खडा झालेल्या दिवशी नळी भरली तर एक चित्र, पळापळीच्या दिवशी भरली तर दुसरं. ब्रिस्टल तक्ता इथे खरा कामाचा. खड्यांपासून पाण्यापर्यंत सात प्रकारांची चित्रं, १९९७ पासून जगभरचे डॉक्टर वापरतात, फुकट मिळतो. किटबरोबर तो द्यायला हवा होता. दिलेला नव्हता.

सगळ्यात जास्त राग आला तो 'प्रिवोटेला'च्या पानाचा. हा जिवाणू माझ्यात 'खूप जास्त' म्हणून लाल रंगात. खाली संधिवात वगैरे घाबरवणारी वाक्यं. आता, ज्वारी-बाजरी, डाळी, उसळी, पालेभाज्या खाणाऱ्या भारतीय पोटात प्रिवोटेला भरपूर सापडतो ही काही नवी गोष्ट नाही. पुण्याच्या एनसीसीएस (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र) मधल्या संशोधकांनी २०१६ सालीच भारतीयांमध्ये प्रिवोटेला आणि मेगास्फेरा हे जिवाणू जास्त असल्याचं मांडलं होतं. २०१९ मध्ये भोपाळ आणि केरळमधल्या निरोगी लोकांची तुलना प्रसिद्ध झाली. शाकाहाराकडे झुकलेल्या भोपाळच्या गटात प्रिवोटेलाचं राज्य होतं, मांस-मासे खाणाऱ्या केरळच्या गटाचं चित्र वेगळं होतं. एकाच देशात एवढा फरक असताना माझा 'नॉर्मल' कुणाच्या पोटावरून ठरवला, हे मी कंपनीला ईमेल करून विचारलं. उत्तर आलं, "आमच्या जागतिक डेटाबेसवरून." त्यात भारतीय किती, या प्रश्नाला उत्तर आलं नाही.

पोटाच्या डॉक्टरांना रिपोर्ट दाखवला. त्यांनी दोन पानं चाळली, परत दिला आणि म्हणाले, "हा तुमच्याजवळ ठेवा. मला कॅलप्रोटेक्टिन करून आणा."

ही घरच्या नमुन्यावरचीच चाचणी, पण तिच्याबद्दल कुणी इन्स्टाग्रामवर रील करत नाही. कॅलप्रोटेक्टिन हे रक्तातल्या पांढऱ्या पेशींमधलं प्रथिन. आतड्याला सूज असली की त्या पेशी तिथे जमतात आणि प्रथिन मलात उतरतं. ग्रॅमला ५० मायक्रोग्रॅमच्या खाली असेल तर आतड्यात मोठी सूज असण्याची शक्यता फार कमी. २५०च्या वर गेलं तर डॉक्टर दुर्बीण तपासणीचा विचार करतात. मधल्या आकड्यांना बहुतेकदा काही आठवड्यांनी पुन्हा तपासतात. अंगदुखीच्या आयबुप्रोफेन-डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्यांनी आकडा उगाच वाढू शकतो, त्या चालू असतील तर आधी सांगा. डबी लॅबवाल्यानं घरी आणून दिली आणि सकाळी येऊन नेली. खर्च किटच्या साधारण पाचव्या हिश्श्यात. माझा आकडा २८ आला. हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि गव्हाच्या सीलिअॅक आजाराची रक्ततपासणी, सगळं ठीक. निदान: आयबीएस (इरिटेबल बाऊल सिंड्रोम). म्हणजे आतडं दिसायला धडधाकट, वागायला चिडकं.

गंमत म्हणजे त्या रंगीत पीडीएफमध्ये 'आतड्याची सूज: मध्यम धोका' असं एक पान होतंच. सूज त्यांनी मोजलेली नव्हती. कोणते जिवाणू सापडले त्यावरून केलेला तो अंदाज होता, आणि ते बारीक अक्षरात तळाशी लिहिलेलंही होतं. प्रत्यक्ष मोजलेला आकडा स्वच्छ असताना अंदाजावर झोप घालवायची, हे काही पटेना.

घरून मल पाठवण्याची कल्पनाच वाईट आहे, असं मात्र माझं म्हणणं नाही. इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्य सेवा ठरावीक वयोगटातल्या सगळ्यांना दर दोन वर्षांनी पोस्टानं छोटी नळी पाठवते. तिला फिट म्हणतात, आतड्याचा कर्करोग लवकर हेरायची ती चाचणी. डोळ्यांना न दिसणारं मानवी रक्त मलात आहे का, एवढंच ती बघते. जुन्या 'ऑकल्ट ब्लड' चाचणीसारखी खाण्याची पथ्यं नाहीत. एक प्रश्न, एक उत्तर, आणि उत्तर वाईट आलं तर पुढे काय करायचं तेही ठरलेलं. माझ्या किटमध्ये प्रश्नच कुठला ते ठरलेलं नव्हतं. आतड्यातल्या जिवाणूंच्या चाचण्यांवर तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाचं एक एकमताचं निवेदन लॅन्सेटच्या पोटविकारांच्या नियतकालिकात आलंय. रोजच्या उपचारात त्या सरसकट वापरण्याइतका पुरावा आज नाही, असंच त्यांचंही म्हणणं आहे.

आता खाण्याचा भाग, ज्यासाठी बहुतेक लोक पैसे मोजतात. 'तुमच्यासाठी खास' यादीत ब्लूबेरी, केल, कोम्बुचा होते. नाशिकच्या भाजीबाजारात केल शोधायला मी गेले नाही. पण त्याच यादीत कांदा-लसूण भरपूर खा, असंही होतं, कारण माझ्यात बायफिडोबॅक्टेरिया कमी दिसले आणि कांद्या-लसणातलं फ्रुक्टान नावाचं कर्बोदक हे त्यांचं आवडतं खाद्य. शास्त्र चुकीचं नाही. मी इमानेइतबारे कांदा वाढवला, आणि पोट असं तट्ट फुगलं की ऑफिसात बसणं मुश्किल. फ्रुक्टान जिवाणूंना आवडतं म्हणजे ते त्याचा वायू करतात, आणि आयबीएसवाल्या आतड्याला तो ताण सोसत नाही. जिवाणूंचा आहार आणि माझा आहार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यादी करणाऱ्या सॉफ्टवेअरला कळायला मार्ग नव्हता.

कळलं ते फोनवरच्या आहारतज्ज्ञ बाईंना. रिपोर्ट बाजूला ठेवून त्यांनी विचारलं, चहा किती वेळा, दूध किती, आमटीला फोडणी कशाची, छोले-राजमा आठवड्यातून कितीदा. मग मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठानं तयार केलेल्या लो-फॉडमॅप आहाराबद्दल, म्हणजे आतड्यात वायू करणारी कर्बोदकं कमी असलेल्या खाण्याबद्दल, समजावलं. काही आठवडेच कांदा, लसूण, गहू, राजमा-छोले, दूध कमी करायचं आणि मग एकेक पदार्थ परत आणून कोण त्रास देतो ते बघायचं. कायमचं काही सोडायचं नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं. कांदा-लसूण मसाल्याशिवाय रस्सा म्हणजे शिक्षाच, पण हिंग-जिऱ्याच्या फोडणीवर दिवस काढले. लसूण तेलात परतून काढून टाकला तर तेलाला वास येतो आणि फ्रुक्टान उतरत नाही, कारण ते तेलात विरघळत नाही. ही युक्ती सोन्याची. शेवटी माझे गुन्हेगार निघाले कच्चा कांदा आणि रात्रीचा पेलाभर दूध. शिजलेला कांदा थोडा चालतो, ताक चालतं, तूप तर चालतंच. यातलं एकही उत्तर त्या नळीतून आलेलं नाही.

कंपनीचा 'तुमच्या जिवाणूंनुसार बनवलेला' प्रोबायोटिकही (पोटात घ्यायचे 'चांगले' जिवाणू) घेतला, महिन्याच्या वर्गणीवर. फरक जाणवला नाही, दोन-अडीच महिन्यांनी बंद केला. अमेरिकन कॉलेज ऑफ गॅस्ट्रोएंटरॉलॉजीच्या २०२१च्या सूचनांमध्ये आयबीएससाठी प्रोबायोटिक सुचवलेलं नाही, विरघळणारा चोथा मात्र सुचवलाय. विरघळणारा चोथा म्हणजे आपला इसबगोल. तो किराणा दुकानात मिळतो आणि माझं पोट त्यानंच ताळ्यावर आणलं. जी कंपनी कमतरता शोधते तीच त्यावरचं औषध विकते, हे वर्गणी भरतानाच खटकायला हरकत नाही.

आणि एक खोडी केली. होळीच्या आधी फॉलोअपची सवलत आली तेव्हा दोन किट मागवले, एक माझ्या नावानं, एक नवऱ्याच्या, त्याला विचारूनच. दोन्ही नळ्यांत नमुना एकाच सकाळचा, माझाच. प्रश्नावलीतही वय आणि लिंग सोडलं तर उत्तरं माझीच. मोठमोठे जिवाणू दोन्हीकडे जवळपास सारखे आले, हे कबूल करायला हवं. पण गुण मला ६६ आणि 'त्याला' ७४. मला वांगं टाळायला सांगितलं, त्याला ते सुपरफूड. मलाच्या सगळ्या भागांत जिवाणू सारखे पसरलेले नसतात, आणि थोड्या संख्येनं असलेल्यांची मोजणी हलती असते, इतपत समजू शकते. पण मग त्या थोड्यांच्या जिवावर वांग्याचा निकाल कशाला लावायचा? मोजणी पडताळून बघायला प्रयोगशाळांना प्रमाणित मानवी मलाचा नमुना लागतो. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेनं तो २०२५ मध्ये उपलब्ध करून दिला. किट त्याच्या कितीतरी आधीपासून विकले जातायत.

राहता राहिला डेटा. मलात आपला स्वतःचाही डीएनए असतो, हे नळी पाठवताना लक्षात येत नाही. आणि अशा कंपन्या कायम टिकतात असं नाही. सॅन फ्रान्सिस्कोची यूबायोम या क्षेत्रातली गाजलेली कंपनी. विम्याच्या बिलांच्या प्रकरणात २०१९च्या एप्रिलमध्ये तिच्यावर एफबीआयची धाड पडली आणि त्याच वर्षी तिचं दिवाळं वाजलं. म्हणून वापर थांबवल्यावर मी माझा नमुना नष्ट करा आणि माहिती पुसा, असं लेखी कळवलं, २०२३च्या डेटा संरक्षण कायद्याचा उल्लेख करून. बऱ्याच ईमेलांनंतर माझं खातं पुसल्याचं पत्र आलं. नवऱ्याचं खातं अजून चालू आहे, आणि त्याला दर सोमवारी वांगी खाण्याची आठवण येते.