रँडम फॉरेस्ट की न्यूरल नेटवर्क? काळ्या मातीच्या स्ट्रेंथसाठी काय वापरायचं

निपाणी-चिकोडीकडची काळी माती पावसात फुगते, उन्हात तडकते, म्हणून रस्त्याखाली चुना नायतर सिमेंट मिसळतात, आणि किती टक्के ते ठरवायला ३८ मिमी व्यासाचे, ७६ मिमी उंचीचे नमुने करून ७ नायतर २८ दिवस क्युअर करून (म्हणजे मुरायला ठेवून) ताकद मोजायला फोडत बसायचं. एवढं थांबायला वेळ कुणाला हाय? मग मॉडेल, म्हणजे जुन्या चाचण्यांच्या आकड्यांवरनं ताकदीचा अंदाज सांगणारा कॉम्प्युटर प्रोग्रॅम. एक रँडम फॉरेस्ट, हो-नाही प्रश्नांच्या शेकडो झाडांची सरासरी काढणारं; दुसरं न्यूरल नेटवर्क, एकमेकांना जोडलेल्या गणिती थरांतनं शिकणारं.

बेळगावात इंजिनिअरिंगची पोरं सरळ न्यूरल नेटवर्कवर उडी मारतात, नाव भारी वाटतंय ना. पण हातात डेटा किती, शंभर-दीडशे ओळींची एक्सेल! एवढ्यात ते पाठांतर करतंय, वर स्केलिंग (आकडे एका मापात आणणं), लेयर (थर किती), लर्निंग रेट (शिकायचा वेग) सगळं बघत बसा. फॉरेस्टला ही कटकट कमी, आणि चुना, क्युअरिंगचे दिवस, प्लॅस्टिसिटी इंडेक्स (माती किती ओलाव्याच्या टप्प्यात मळण्याजोगी राहते त्याचं माप) यात वजन कशाला जास्त हे पण अंदाजानं सांगतंय.

फॉरेस्टची खोड एकच, डेटा २ ते ८ टक्के चुन्याचा असला आणि तुम्ही १२ विचारलात तर ८ च्या आसपासचाच आकडा चिकटवणार. नेटवर्क तिथं बिनधास्त वर चढवू शकतं, जे जास्त घातक, कारण ठराविक प्रमाणानंतर चुन्यानं ताकद उलट घटू शकते.

आणि एकाच मिक्सचा ७ दिवसांचा नमुना ट्रेनिंगला (शिकवायला), २८ चा टेस्टला (तपासायला) गेला की उत्तर आधीच अर्धं फुटलेलं असतं, म्हणून दोन्ही मॉडेलांचा आर-स्क्वेअर (अंदाज किती जुळला त्याचा आकडा, १ म्हणजे तंतोतंत) फुगतो, ०.९८ बघून पेढे वाटू नका. माझं मत फॉरेस्टला, पण खानापूरच्या तांबड्या मातीला हेच मॉडेल लावायचं असलं तर आधी तिथले नमुने फोडा.