आजरा घनसाळ म्हणून भलताच तांदूळ विकतायत, कोल्हापूरकरांनो बघून घ्या

गौरी-गणपती तोंडावर आलेत आणि घनसाळ, म्हणजे आजऱ्याकडचा वासाचा तांदूळ, घ्यायला बरेच जण बाहेर पडतील म्हणून मुद्दाम लिहितेय, कारण आम्ही मागच्या वर्षी याच दिवसांत फसलो. रविवारच्या शेतकरी बाजारात एकजण बसलेला, डोक्याला टोपी, मागं 'शेतकरी ते ग्राहक थेट' असा मोठा बोर्ड. म्हणाला, "वैनी, उत्तूरजवळचा हाय मी, घरच्या रानातला घनसाळ, यंदाचा नवा माल, वास घेऊन बघा की." वास तर असा होता की बाजूच्या भाजीवाल्यापर्यंत जात होता. दर १२० रुपये किलो. १० किलो घेतला, पैसे फोनवरनं पाठवले.

घरी आल्यावर सासूबाईंनी पिशवीत हात घातला आणि लगेच म्हणाल्या, हा घनसाळ न्हवं. त्यांचं माहेर आजऱ्याकडचं, मामा होते तोवर तिकडनंच वर्षाचा तांदूळ यायचा. घनसाळचा दाणा आखूड असतो, आणि त्याचा वास कोरड्या तांदळाला बेताचाच असतो, खरा सुटतो तो शिजताना, भात मुरायला ठेवला की घरभर. आणि आमच्या तांदळाचं उलटं झालं, पहिल्या धुण्याच्या पाण्याला अत्तरासारखा भपकारा आला, दुसऱ्या पाण्यात निम्मा गेला आणि शिजल्यावर साधा भात, काहीच वास नाही. एसेन्स मारलेलं होतं, दुसरं काय.

पण सासूबाईंचा खरा राग वेगळ्या गोष्टीवर होता. यंदाचा नवा माल म्हणाला ना तो, त्यांनी विचारलं, आणि मग सांगितलं की घनसाळ पावसाळ्यात लावतात आणि कापणी नोव्हेंबर-डिसेंबरात, गणपतीत तर भात शेतात उभं असतंय. मग यंदाचा नवा तांदूळ आला कुठनं? ज्यानं एकदा जरी भात लावलंय तो असं बोलणारच नाही. जुनं भात कांडून आणलंय म्हणाला असता तर गोष्ट वेगळी.

मग मी पेमेंटची पावती उघडून बघितली तर वर कुणा शेतकऱ्याचं नाव नाही, कुठल्यातरी ट्रेडर्सचं नाव. गल्लीतल्या दुकानात वजन केलं तर पाऊण किलो कमी. पुढच्या रविवारी गेले तर तो जागेवर नव्हता, शेजारच्या मावशी म्हणाल्या, "ते कुठलं शेतकरी बाई, होलसेलातनं पोती उचलतंय आणि बोर्ड लावून बसतंय."

मला पैशापेक्षा याचा जास्त राग येतो की आजरा घनसाळला २०१६ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, आजरा तालुक्यातली माणसं कमी पीक निघणं सोसून हे जुनं वाण टिकवून आहेत, आणि असा एकेक जण त्यांच्या नावावर पोटं भरतोय. एकदा फसलेलं गिऱ्हाईक परत खऱ्या शेतकऱ्याकडनं पण घेत नाही, तो पण खोटाच वाटतो. जीआयचं नाव खोटं लावून विकणं हा १९९९ च्या कायद्याखाली गुन्हा आहे, ६ महिन्यांपासून ३ वर्षांपर्यंत कैद आहे, हे तिथं बसणाऱ्यांना माहीत तरी आहे का कुणास ठाऊक.

तर घेताना आधी अर्धा किलोच घ्या, घरी चांगला दोन-तीन पाण्यातनं धुऊन मूठभर शिजवून बघा, वास राहिला तरच पुढचा घ्या. विकणाऱ्याला कापणी कधी झाली, भात कुठं कांडलं ते विचारा, शेतकरी असला तर न थांबता सांगतो, उलट जास्तच सांगत बसतो. पुढं ठेवलेल्या पोत्यातला वास दाखवून मागच्या पोत्यातलं भरत असेल तर पुढचंच द्या म्हणा. काटा रिकामा असताना शून्य दिसतोय का ते बघा, इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षी वैधमापनवाल्यांकडनं (वजनमापं तपासणारं सरकारी खातं) तपासणी करून घ्यावी लागते, त्याचं सर्टिफिकेट मागा, मागायचा आपल्याला हक्क आहे. पैसे शक्यतो फोनवरनंच द्या आणि पाठवायच्या आधी वरचं नाव वाचा. साधी कागदावरची का असेना, पावती घ्याच, कारण मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन केला तेव्हा त्यांनी पहिलं बिल विचारलं आणि माझ्याकडं फक्त तो पेमेंटचा स्क्रीनशॉट होता. तेवढ्यावर तक्रार घेतली त्यांनी, पण त्या ट्रेडर्सचा पत्ता मात्र अजून लागलेला नाही. यंदा परत कुठं तसा बोर्ड लावून 'यंदाचा नवा घनसाळ' म्हणत कुणी बसलेलं दिसलं तर फोटो काढून ठेवा आणि खाली जागा लिहा, मी माझ्या तक्रारीला जोडते.