११ सेकंदांनी हुकलेली धाव आणि हातातलं स्टॉपवॉच

सैन्यात जायचं तर मला २.४ किलोमीटरची धाव १० मिनिटं ३० सेकंदांत काढायची होती. पहिल्या खेपेला टायमिंग आलं १०:४१. अकरा सेकंदांनी बाहेर. पाय दुखत नव्हते, अंगात ताप नव्हता, झोप नीट झाली होती. शेवटच्या फेऱ्यांत दम तुटला एवढंच कळलं. तो का तुटला हे या साध्या स्टॉपवॉचमुळे कळलं, म्हणून हे लिहितोय.

वस्तू अगदी साधी आहे. काळं प्लास्टिक, गळ्यात घालायची दोरी, उजवं बटण सुरू-बंदचं आणि डावं लॅपचं, म्हणजे घड्याळ चालू ठेवून मधली वेळ नोंदवायचं. दहा लॅपच्या वेळा लक्षात ठेवतं.

४०० मीटरच्या ट्रॅकवर सहा फेऱ्या, म्हणजे फेरीला १:४५. हे गणित मला आधीही येत होतं. स्टॉपवॉच घेऊन पहिल्यांदा पूर्ण अंतर धावलो तेव्हा धाकटी बहीण वही घेऊन रेषेवर बसली होती. तिने उतरवलेले आकडे असे: १:३१, १:४२, १:४९, १:५४, १:५५, १:४८. एकूण १०:३९. तिने वही माझ्यासमोर धरली आणि विचारलं, "दादा, पहिल्या राउंडला तू कुणाच्या मागे लागतोस?" मागे कुणाच्याच लागत नव्हतो. सुरुवातीला अंग ताजं असतं, १:३१ चा वेग तेव्हा अजिबात जड वाटत नाही. पहिल्या दोन फेऱ्यांत १७ सेकंद कमावले आणि पुढच्या चार फेऱ्यांत २६ घालवले. नुसत्या एकूण वेळेकडे बघत राहिलो असतो तर "स्टॅमिना कमी पडतो" म्हणत आणखी लांब लांब धावत बसलो असतो.

मग वेग बांधायला लागलो. फेरी संपल्यावर कळून उपयोग नसतो, कारण तोवर चूक होऊन गेलेली असते. म्हणून २०० मीटरच्या खुणेवर बटण दाबायचं. तिथे ५२-५३ सेकंद दिसले पाहिजेत. ४८ दिसले तर तिथल्या तिथे श्वास सावरून वेग उतरवायचा. आणि इथेच या घड्याळाची खरी उणीव लागली. २०० च्या हिशेबाने २.४ किलोमीटरला बारा नोंदी होतात आणि हे दहाच ठेवतं, म्हणजे नेमकी शेवटची फेरी हातची जाते. तीस नोंदींचं घ्यायला हवं होतं.

दुसरी तक्रार डाव्या बटणाची. घड्याळ थांबवल्यावर तेच बटण दाबलं की सगळं शून्य होतं. दमलेल्या माणसाचा घामेजलेला अंगठा तिथेच जातो. माझा एक अख्खा सराव असाच पुसला गेला. तेव्हापासून वेळा वहीत उतरवल्याशिवाय मी घड्याळाला हात लावत नाही. पहाटेच्या अंधारात आकडेही दिसत नाहीत, आत दिवा नाही.

मित्राचं जीपीएसचं मनगटी घड्याळही आठवडाभर वापरलं. मोकळ्या रस्त्यावर लांब धावताना ते उत्तम. पण ट्रॅकवर सहा फेऱ्यांना ते कधी २.४४ दाखवायचं, कधी २.५१. वळणावर उपग्रहाच्या नोंदी चार-पाच मीटर इकडेतिकडे पडल्या तरी फरक साठत जातो, आणि सेकंदांवर निकाल लागतो तिथे हे चालत नाही. ट्रॅकवर अंतर आधीच मोजलेलं आहे, फक्त ते सगळ्यात आतल्या लेनचं आहे. प्रत्येक बाहेरच्या लेनला फेरीमागे साधारण साडेसात मीटर वाढतात. आत गर्दी म्हणून चौथ्या लेनमध्ये धावलात तर सहा फेऱ्यांत जवळजवळ १४० मीटर जास्त धावता आणि टायमिंग बघून उगाच खचता.

चाचणीत घड्याळ जवळ ठेवता येणार नव्हतं. म्हणून शेवटचे सहा आठवडे वेगळा सराव केला: फेरी संपताना बटण दाबायचं, न बघता वेळ मोठ्याने सांगायची, मग बघायचं. सुरुवातीला सहा-सात सेकंदांनी चुकायचो. शेवटी शेवटी फरक दोन सेकंदांच्या आत आला. हा सराव जरूर करा.

दुसऱ्या चाचणीत पहिल्याच वळणावर दहा-बारा जण पुढे निघून गेले. जाऊ दिले. चौथी फेरी संपताना मनात सात मिनिटं धरली होती, रेषेवरून आवाज आला, "६:५९!" त्यातले बरेच जण पाचव्या फेरीत मागे पडले. माझं टायमिंग १०:२४ आलं.

घेताना एवढं बघा: नोंदी किमान तीस, आत दिवा, आणि बटण दाबल्यावर टक् असं बोटाला जाणवलं पाहिजे. मऊ बटणाचं घेऊ नका, धावताना ते लागलं की नाही हे कळत नाही. दोरी गळ्यात घालू नका, छातीवर आपटत राहते. तळहाताभोवती दोन वेढे घ्या.