भूत चालेल, पण स्टुअर्टने टायगर फोडलेला?

'द हॉन्टेड टँक' हे रणगाड्याचं कॉमिक मागवायच्या विचारात असाल तर आधीच सांगतो: त्यात भूत आहे. आणि त्यातली सगळ्यांत न पटणारी गोष्ट भूत नाहीये.

लेखक रॉबर्ट कॅनिगर आणि चित्रकार रस हीथ या जोडीने १९६१मध्ये डीसी कॉमिक्सच्या 'जी. आय. कॉम्बॅट'मध्ये ही मालिका सुरू केली. काळ दुसऱ्या महायुद्धाचा, नायक लेफ्टनंट जेब स्टुअर्ट, त्याचा रणगाडा अमेरिकन एम-३ स्टुअर्ट, आणि अडीअडचणीला धावून येणारं भूतही जनरल जेब स्टुअर्टचं, अमेरिकन यादवीत दक्षिणेकडून लढलेल्या घोडदळ सेनानीचं. हा छोटेखानी रणगाडा जर्मनांच्या अवजड टायगरला लोळवतो. एकदा नव्हे, वारंवार. आता आकडे बघा. स्टुअर्टची तोफ ३७ मिलिमीटरची, टायगरची ८८. टायगरचं समोरचं चिलखत १०० मिलिमीटर जाड, कुशीतलंही वरच्या भागात ८०. टायगर ५७ टनांचा, स्टुअर्ट १४च्या आसपास. पाखरं हाकायची गोफण घेऊन जेसीबीवर चालून जायचं, तसला प्रकार.

खऱ्या युद्धात स्टुअर्टचं काम टेहळणीचं आणि पायदळाला आधार देण्याचं. ते तो किती चोख करतो हे आपल्याच सैन्याने दाखवलं. १ नोव्हेंबर १९४८ला ७ कॅव्हलरी या रेजिमेंटचे स्टुअर्ट काश्मीर-लडाखमधल्या झोजिला खिंडीत, साडेअकरा हजार फुटांवर जाऊन उभे राहिले. सुगावा लागू नये म्हणून टरेट, म्हणजे वरचा तोफेचा घुमट, उतरवून ते तिकडे नेले होते. समोर रणगाडे नव्हतेच, मोर्चे आणि मशिनगन होत्या, आणि त्यांना ३७ मिलिमीटरचा गोळा भरपूर झाला. यावर कुणी अख्खं कॉमिक काढलं तर मी रांगेत पहिला.

मग 'हॉन्टेड टँक' घ्यायचंच नाही का? चित्रांसाठी जरूर घ्या. हीथचा ब्रश बघत बसावा असा आहे: चिखल, धूर, पट्ट्यांखाली दबलेलं गवत. आणि गंमत म्हणजे जेबचं टरेटमधून अर्धं अंग बाहेर काढून भुताशी बोलणं, हे खऱ्या कमांडरच्या सवयीला धरूनच आहे. झाकण लावून आत बसलं की बाहेरचं दिसतं ते पेरिस्कोपच्या फटीएवढं. म्हणून कमांडर डोकं बाहेर ठेवायचे, आणि त्यापायी कितीतरी जण डोक्यात गोळी लागून गेले.

रणगाड्यांच्या कॉमिक्सला मी हीच कसोटी लावतो. रिव्हेट किती आणि रंग कुठला, हे मॉडेल बनवणाऱ्यांनी बघावं. मला बघायचं असतं की आतल्या माणसाला किती कमी दिसतंय, हे चित्रकाराला उमगलंय का. कारण रणगाड्यांच्या लढाईत बहुतेक वेळा आधी दिसला कोण आणि पहिला गोळा कुणाचा लागला, तिथेच निकाल असतो.

या कसोटीवर 'कमांडो' काठावर पास होतं. डंडीच्या डी. सी. थॉमसन कंपनीची ही खिशात मावणारी पुस्तकंही १९६१चीच. आत काळीपांढरी चित्रं, पानाला दोन-तीन चौकटी, आणि अंक आता पाच हजारांच्या वर गेलेत. पुण्यातल्या रद्दीवाल्यांकडे ती किलोच्या हिशोबाने आलेली असायची. माझ्याकडच्या एका अंकाचं शेवटचं पान फाटलंय. मेजर जगला की गेला, मला आजतागायत ठाऊक नाही.

'कमांडो'त प्रत्येक गोष्ट स्वतंत्र, चित्रकारही बदलतात, त्यामुळे एका अंकात अमेरिकन शेर्मन रणगाडा अगदी नेमका आणि दुसऱ्यात नुसताच पट्ट्यांवरचा डबा. खरी अडचण अंतराची आहे. एवढ्याशा चौकटीत दोन्ही रणगाडे दाखवायचे म्हणजे ते समोरासमोर आणावेच लागतात. उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटातली लढाईसुद्धा मग बोळातल्या भांडणासारखी दिसते. प्रत्यक्षात तिथे जर्मनांची ८८ मिलिमीटरची तोफ हजार-दीड हजार मीटरवरून मारायची, आणि गोळा कुठून आला हे कळायच्या आत खेळ आटोपलेला असायचा. फ्रान्समधल्या नॉर्मंडीत मात्र उंच, जाड बांधांच्या शेतांमध्ये शंभर-दोनशे मीटरवर गाठ पडायची, त्यामुळे तिथल्या गोष्टी पटतात. तेव्हा 'कमांडो' उचलायचं तर नॉर्मंडीचं उचला, आफ्रिकेचं राहू द्या. प्रवासाला, तासाभराच्या करमणुकीला उत्तम.

खरेपणासाठीच पैसे टाकायचे असतील तर माझं मत गार्थ एनिसच्या 'द टँकीज'ला. 'बॅटलफील्ड्स' मालिकेतली ही तीन अंकांची कथा २००९मध्ये आली, चित्रं कार्लोस एस्केराची. काळ १९४४, जागा नॉर्मंडी, रणगाडा ब्रिटिश चर्चिल: पाच माणसांचा, जाड कातडीचा आणि मंद, उताराला सायकलवालाही सहज मागे टाकेल असा. गडी नवखे, त्यांच्या माथी एक मुरलेला सार्जंट येऊन पडतो. पलीकडे पायदळ अडकून पडलंय आणि रणगाडे कधी येणार याची वाट बघतंय. ही वाट बघणं इतर कॉमिक्समध्ये जवळजवळ नसतंच. इथे रस्ता चुकतो, संदेश नीट पोहोचत नाहीत, आतल्या आत वादावादी होते. झाडीआड काय आहे हे वाचकालाही कळत नाही, कारण ते त्या पाच जणांनाच कळत नसतं.

टायगर यातही आहे, पण तो पटतो. नॉर्मंडीतल्या ब्रिटिश सैनिकांना प्रत्येक जर्मन रणगाडा टायगरच वाटायचा, बहुतेक वेळा तो असायचा त्याहून हलका पँझर-४. पूर्ण युद्धात टायगर बनले जेमतेम साडेतेराशे. तरी नॉर्मंडीतल्या टायगरच्या तुकड्या काँ शहराच्या आसपास, ब्रिटिशांच्याच समोर होत्या, त्यामुळे इथली गाठ ओढूनताणून आणलेली नाही.

दोन तक्रारी. सार्जंट ईशान्य इंग्लंडातल्या जॉर्डी बोलीत बोलतो आणि एनिस ती जशीच्या तशी लिहितो, त्यामुळे मालवणी न येणाऱ्या पुणेकराने वस्त्रहरण वाचावं तसं अडखळत वाचावं लागतं. आणि शिव्या पानोपानी आहेत. घरात बारा वर्षांचं पोर असेल तर वरच्या फळीवर ठेवा.

त्या पोरासाठी अमर चित्र कथेचा 'परमवीर चक्र' अल्बम घ्या. एकवीस परमवीरांच्या कथा एकत्र, त्यामुळे प्रत्येकाला पानं थोडी. संवाद स्वच्छ, भीती कमी, रणगाड्याच्या आतलं जग जवळपास नाहीच. माझी कसोटी लावली तर तो 'टँकीज'च्या खूप मागे पडतो. पण इथे माणसं खरी, गावं खरी. आसल उत्तरजवळच्या उसात जीपवरची १०६ मिलिमीटरची तोफ घेऊन पाकिस्तानच्या पॅटन रणगाड्यांची वाट अडवणारे अब्दुल हमीद आहेत. हात जायबंदी होऊनही मागे जायला नकार देणारे पूना हॉर्सचे कर्नल तारापोर आहेत. आणि त्याच रेजिमेंटचे, पुण्यात जन्मलेले, एकवीस वर्षांचे अरुण खेत्रपाल.

खेत्रपालांची कथा वाचताना मला माझाच आक्षेप मागे घ्यावा लागला. १६ डिसेंबर १९७१, बसंतरची लढाई. रणगाडा पेटलाय, वायरलेसवर बाहेर पडायचा हुकूम येतोय, आणि हा मुलगा सांगतो की माझी तोफ अजून चालू आहे. शेवटी समोर आलेला पॅटन जेमतेम शंभर मीटरवर. 'कमांडो'त असली चौकट दिसली असती तर मी हसून पान उलटलं असतं. त्या पॅटनमधले पाकिस्तानी मेजर ख्वाजा नासेर पुढे २००१मध्ये लाहोरला खेत्रपालांच्या वडिलांना भेटले आणि तुमचा मुलगा माझ्याच हातून गेला, हे त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं. असा शेवट कॅनिगरनेसुद्धा लिहिला नसता.

खेत्रपालांचा सेंच्युरियन रणगाडा, नाव 'फामागुस्ता', अहिल्यानगरच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जपून ठेवलाय. त्याच शहरातल्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये सेंच्युरियन आणि पॅटन दोन्ही बघायला मिळतात. उन्हात तापलेल्या पट्ट्यावर हात टेकवत नाही. मी दोघांच्या मध्ये शंभर पावलं मोजायला निघालो होतो, चाळिसाव्या पावलालाच कुंपण लागलं.