भाच्याची एम टू, मामाची झेन आणि पिरंगुटचा वजनकाटा

भाच्यानं बीएमडब्ल्यू एम टू घेतली तेव्हा पेढे घेऊन घरी आला आणि चप्पल काढायच्या आधी म्हणाला, "मामा, चारशे साठ हॉर्सपॉवर!" मी विचारलं, "वजन किती?" त्याचा चेहरा असा झाला, जणू मी पेढ्यांचा भाव विचारला.

विचारण्याचं कारण आहे. भोसरीत ब्रेक डिस्क बनवणाऱ्या एका कारखान्यात मी तीस वर्षं काढली. आमच्याकडे गाडी म्हणजे किती जोरात पळते हे नव्हे, किती किलोचा जीव किती वेगात असताना थांबवायचा आहे, एवढंच. डायनोवर, म्हणजे ब्रेक तपासायच्या यंत्रावर, डिस्क लालबुंद होताना शेकडो वेळा पाहिली आहे. त्यामुळे घोड्यांचा आकडा ऐकून मला फारसं काही होत नाही, किलोचा ऐकला की होतं.

आकडे आधी सांगून टाकतो, कारण सगळी गंमत तिथेच आहे. २०१६ साली आलेल्या पहिल्या एम टूला ३७० घोडे होते, मॅन्युअल गिअरची गाडी १,४९५ किलोची, आणि शून्य ते शंभर ४.५ सेकंदांत. भाच्याची गाडी पुढच्या पिढीतली, २०२३ ची, तीही मॅन्युअल. घोडे ४६०, कंपनीचं वजन १,७०० किलो, शून्य ते शंभर ४.३ सेकंद. म्हणजे नव्वद घोडे जास्तीचे जुंपले आणि हाती लागले दोन दशांश सेकंद. बाकीचे घोडे कुठे गेले? वाढलेले २०५ किलो ओढायला.

हे किलो आले कुठून, तर गाडी मोठी झाली. थोरली बहीण एम फोर, तिच्याच सांगाड्यातून आणि तिच्याच तीन लिटरच्या, दोन टर्बो लावलेल्या सहा सिलिंडरच्या इंजिनातून हिला घडवलीय. धाकटीनं थोरलीचे कपडे घातले की ती थोरलीएवढीच दिसणार. वजनाच्या काट्यावर दोघींत आता फरक असा उरलेला नाही.

भाचा म्हणाला, कागदावरचं सोड, चालवून बघ. मी म्हटलं, चालवतो, पण आधी काट्यावर घेऊ.

जानेवारीतला रविवार, पहाटे साडेपाच. कोथरूडहून निघालो, चांदणी चौकातून भूगाव, तिथले गतिरोधक, मग पिरंगुट. इथे एक गोष्ट गाडीच्या बाजूनं नोंदवतो. भूगावच्या रस्त्यावर माझी मारुती झेन दर खड्ड्याला आपलं मत मोठ्यानं मांडते. ही गाडी कम्फर्ट मोडवर ठेवली की जड माणसासारखी शांत बसून राहते. चाकाच्या मानानं गाडी जड असेल तर खालून आलेला धक्का वर कमी पोचतो. वजनाचा हा फायदा पुण्यात रोज मिळतो, घाट महिन्यातून एकदा. गतिरोधकावर मात्र तिरकी चढवावी लागते, नाहीतर पोटाखालून जो आवाज येतो तो लाखांत मोजायचा असतो.

पिरंगुटच्या कारखान्यांच्या पट्ट्यात वाळूचे, सळईचे ट्रक तोलणारा एक वजनकाटा आहे. काटेवाला शाल पांघरून बसला होता. निळी, बुटकी, रुंद गाडी प्लेटवर चढताना बघून तो बाहेर आला. "साहेब, ह्याच्यात माल काय आहे?"

मी म्हटलं, "तेच बघायचंय."

काटा दहा-दहा किलोच्या टप्प्यानं दाखवतो, तेव्हा सोन्याचा हिशोब कुणी धरू नये. टाकी भरलेली, आत कुणी नाही: १,७६०. मी डिकी उघडायला लावली. आत प्रेशर वॉशर, क्रिकेटची किट बॅग आणि पाण्याचा पाच लिटरचा कॅन. सगळं काट्याच्या कठड्यावर काढून ठेवलं: १,७४०. आता हे लक्षात घ्या, की ह्याच मुलानं जास्तीचे पैसे मोजून कार्बन फायबरचं छत घेतलंय, ज्यानं साधारण सहा किलो वाचतात. सहा किलो छतातून काढले आणि वीस किलो डिकीत भरले. मी काही बोललो नाही. तोच म्हणाला, "मामा, बोलू नकोस."

मग फक्त पुढची चाकं प्लेटवर घेतली: ९२०. म्हणजे मागे ८२०. इंजिन पुढे असलेल्या गाडीला ही वाटणी चांगलीच म्हणायची. बॉनेटखाली एवढं लांबलचक इंजिन आहे हे वळणात फारसं टोचत नाही, त्याचं कारण हेच.

शेवटी आम्ही दोघं बसून तोललं: १,९१०. पावतीवर तीन रकाने असतात, भरलेलं वजन, रिकामं वजन, निव्वळ वजन. काटेवाल्यानं मनापासून टाइप केलं: निव्वळ १७०, माल: मामा-भाचा. त्यातला ९१ किलोचा माल मी.

पौड, मुळशी ओलांडून ताम्हिणीच्या अलीकडे भाच्यानं चावी माझ्याकडे दिली. चढाला आणि सरळ रस्त्याला वजन जाणवतच नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. ५५० न्यूटन मीटरचा टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, २,६५० आरपीएमपासूनच हजर असतो. तिसऱ्यात टाका, पाय ठेवा, समोरचा डोंगर जवळ येतो. शोरूमच्या टेस्ट ड्राइव्हमध्ये वजन कुणाला कळत नाही ते ह्यामुळे. तिथे तुम्हाला पळवून दाखवतात, उतरवून दाखवत नाहीत.

वजन पहिल्यांदा कळलं ते डावं-उजवं-डावं अशा सलग वळणांत, तेही साठच्या आतबाहेर. एकट्या वळणात गाडी चोख आहे, पुढचे टायर २७५ चे, मागचे २८५ चे, घट्ट धरतात. पण डावीकडून लगेच उजवीकडे जाताना अंग एक क्षण मागे रेंगाळतं. डोक्यावर भरलेला हंडा घेऊन नागमोडी चालून बघा. तुम्ही वळलात तरी आतलं पाणी आधीच्याच दिशेला जात असतं. धक्के शोषणारे डॅम्पर स्पोर्ट मोडवर टाकले की हंड्याला झाकण बसतं, पाणी तेवढंच राहतं.

इथे भाच्यानं इंटरनेटवरचा युक्तिवाद काढला. म्हणे, वजन असलेलं चांगलं, टायर रस्त्यावर दाबला जातो, पकड वाढते. हे अगदीच हवेतलं नाही. निसान जीटी-आर ह्या पावणेदोन टनांच्या गाडीचे कर्ते काझुतोशी मिझुनो हेच मांडत असत, की टायरला काम करायला भार लागतो. आणि त्या गाडीनं तिच्याहून हलक्या आणि महागड्या गाड्यांना रडवलं हेही खरं. पण अर्धीच गोष्ट सांगितली जाते. टायरवरचा भार दुप्पट केला तर पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. ओढायचा बोजा मात्र पुरता दुप्पट होतो. त्यात वळणात भार बाहेरच्या दोन टायरांवर सरकतो, म्हणजे तोट्याचा व्यवहार तिथे आणखी तोट्यात. रेसच्या गाड्या पंख लावतात ते ह्यासाठीच, वारा टायर दाबतो आणि वाऱ्याला वजन नसतं. जीटी-आर जिंकली ती चारही चाकांना ताकद वाटणाऱ्या यंत्रणेवर, टायरांवर आणि अभियंत्यांच्या डोक्यावर. वजन असूनही जिंकली. भाचा गप्प बसला, पण पटलेलं नव्हतं.

मग उतार. ह्यासाठीच मी आलो होतो. पिशवीत कारखान्यातून निवृत्तीच्या वेळी मिळालेली तापमान मोजायची गन होती. (घड्याळ देत होते, मी गन मागितली.)

पहिली खेप मुद्दाम चुकीची केली. गाडी चौथ्या गिअरमध्ये ठेवली आणि प्रत्येक वळणाला ब्रेक. रहदारी नव्हती, वेग बेताचाच. विळे गावाच्या बाजूला खाली उतरल्यावर मोकळी जागा बघून थांबलो, चाकाच्या आऱ्यांमधून गन रोखली. पुढची डिस्क २८५ अंश, मागची १९०. पॅडचा तो ओळखीचा वास, जो मला घरच्यासारखा वाटतो आणि भाच्याला घाबरवून गेला. "बिघडलं का काही?" काही नाही. ३८० मिलिमीटरची डिस्क आणि तिच्यावर पॅड दाबणारा सहा पिस्टनचा कॅलिपर ह्यांना एवढं तापमान म्हणजे सकाळचा व्यायाम.

तरी हिशोब करून दाखवला. दोघांसकट १,९१० किलो. समजा पाचशे मीटर खाली उतरलो. तर तेवढ्या उतरण्यात जी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते ती शंभरच्या वेगावरून बारा-तेरा वेळा पूर्ण थांबण्याएवढी असते. इंजिन आणि वारा थोडी खातात, बाकी सगळी डिस्कमध्ये उष्णता होऊन जाते. जुन्या एम टूपेक्षा वाढलेले जे २०५ किलो, त्यांचीच ह्या उतारावर शंभरवरून एक पूर्ण थांबणं आणि वर थोडी, एवढी उष्णता. वजनाची किंमत ही अशी, हप्त्यानं, पॅड, डिस्क आणि टायरच्या बिलात निघते. भाच्याला एका दुकानात चार टायरांचा भाव सांगितला गेला तेव्हा तो फोनवर दोनदा म्हणाला, "चार? की एक?"

मात्र वजनाला सगळा दोष देणाऱ्यांनाही एक आकडा. शंभरऐवजी एकशे वीसवरून थांबायचं तर ऊर्जा ४४ टक्के वाढते, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते. जुनीपेक्षा नवी गाडी १४ टक्क्यांनीच जड आहे. उजव्या पायावर ताबा असणाऱ्याला २०५ किलो परत मिळवता येतात, फुकट.

चहा घेऊन, डिस्क थंड होऊ देऊन वर गेलो आणि दुसऱ्यांदा उतरलो, ह्या वेळी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये. गिअर खाली घेताना गाडी स्वतःच इंजिनाचे आरपीएम जुळवून घेते, हे मला आवडलं, पन्नाशीनंतर गुडघ्याला बरं असतं. खाली पुढची डिस्क १६५. तेच वजन, तोच उतार, वेळही जवळपास तोच. म्हणून मॅन्युअल घेतल्याबद्दल भाच्याची पाठ थोपटली. ऑटोमॅटिक पंचवीस किलोनं जड आणि दोन दशांशानं वेगवान आहे, ज्यांना घड्याळ प्रिय त्यांनी ती घ्यावी.

आणखी एक, जे ह्या गाडीपुरतंच नाही. डॉट ४ ब्रेक ऑइल नवं असताना निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण हवेतलं पाणी शोषलं की ती हद्द १५५ पर्यंत घसरू शकते, आणि उकळलं की ब्रेकचं पेडल पोकळ जातं. जड गाडी, घाट आणि आपला पावसाळा, तेव्हा दर दोन वर्षांनी ते बदलून घ्यावं. लाखाच्या कार्बनच्या वस्तूंआधी हे करावं.

परतताना झेनचा विषय निघालाच. माझी झेन साडेसातशे किलोच्या आसपास, म्हणजे १९९६ च्या लोटस एलिझ ह्या हलक्याफुलक्या स्पोर्ट्स कारएवढीच. हे मी चारचौघांत सांगतो तेव्हा लोक हसतात. पण मुळशीच्या तळ्याकाठच्या वळणांत पन्नासच्या वेगात झेनमध्ये जी मजा येते, टायर काय म्हणतो ते बोटांत कळतं, ती मजा एम टूमध्ये यायला नव्वद गाठावे लागतात. आणि त्या रस्त्यावर नव्वद गाठू नयेत. माझी खरी तक्रार एवढीच. वजनदार गाडीला रंगात यायला जो वेग लागतो तो आपल्या रस्त्यांना परवडत नाही. गाडी म्हणून मात्र उत्तम आहे. मागच्या सीटवर मुलं बसतात, डिकीत सामान मावतं, भूगावचे खड्डे पचवते, आणि तिसऱ्या गिअरमध्ये त्या सहा सिलिंडरचा आवाज ऐकला की माझ्यासारखा माणूसही घोडे मोजू लागतो. दहापैकी आठ. दोनशे किलो कमी असते तर पेढे मीच वाटले असते.

भाचा आता सॉफ्टवेअर बदलून आणखी शंभर घोडे मागतोय. मी म्हटलं, त्या पैशात चांगले टायर आणि हलकी फोर्ज्ड चाकं घे, चाकातला एक किलो डिकीतल्या किलोपेक्षा जड असतो, तो ओढावाही लागतो आणि फिरवावाही. "विचार करतो," म्हणाला.

परवा त्यांच्या सोसायटीत गेलो होतो. गाडी धुऊन चकचकीत उभी, डिकी उघडी. प्रेशर वॉशर परत जागेवर, आणि शेजारी एक नवी घडीची खुर्ची.